काकींची खिडकी

"आज मशीन बंद आहे का रे?" शेजारच्या काकींनी कुंपणापलीकडून विचारलं. मशीन चालूच होतं!

फोंड्यातल्या माझ्या सुतारशाळेत भुसा ओढणाऱ्या पंख्याचं तोंड त्यांच्या खिडकीकडे आहे. दोन वर्षं त्यांनी तो घोंघाट सोसला, चकार शब्द न काढता.

रविवारी आवाज अडवायला पंख्याच्या तोंडाला प्लायवूडची पेटी केली. आत भोकाभोकांच्या पत्र्याची नळी, भोवती रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर. नळी पंख्याच्या पाइपाएवढीच, 6 इंची. अरुंद केली असती तर हवा कोंडली असती आणि भुसा करवतीपाशीच साचला असता. कर्कश शीळ रॉकवूलने गिळली, खालच्या पट्टीतली घरघर तेवढी उरली आहे.

आज काकींची खिडकी उघडी होती. आत देवघरातली समई दिसली, मला पहिल्यांदाच.

एका रविवारचं काम. दोन वर्षं का थांबलो मी?