बारक्याला कोण सांभाळणार?

रविवार, फेब्रुवारी. रात्र.

आज आक्का पहिल्यांदा अख्खा डाव खेळली. मधेच उठून गेली नाही.

तिचं खरं नाव इथे लिहीत नाही. ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावरची, म्हणजे त्यांच्या तळावरची, सगळी लहान पोरं तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. वय दहा, फार तर अकरा. दिवाळी झाल्यावर बीडकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडे सांगलीकडच्या वाळव्याला आलेली. आईबाप मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. ते दोघं पहाटे अंधारातच उसाच्या फडात जातात आणि कोपीतलं, त्यांच्या झोपडीतलं, सगळं हिच्यावर पडतं. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या आणि दीड वर्षाच्या भावाला दिवसभर काखेत घेऊन फिरायचं. त्याला सगळे बारक्या म्हणतात.

आम्ही गावातल्या खो-खो मंडळातल्या चौघी खो-खो शिकवायला जातो. चौघी अकरावीतल्या, लहानपणापासून एकत्र खेळणाऱ्या. खो-खोच निवडला, कारण त्याला ना बॅट लागते ना बूट. अड्ड्याशेजारच्या पडीक तुकड्यातले दगड वेचले, उसाचे बुडखे खणून काढले. ते अनवाणी पायात घुसले तर जखम महिनाभर भरत नाही. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी फक्की दिली. सुतारकाकांनी दोन खांब तासून दिले, जमिनीवर चार फूट राहतील असे. मैदान नियमापेक्षा लहान आहे, पण आठ पाट्या, म्हणजे गड्यांनी बसायच्या जागा, नीट बसल्यात.

मुलगे पहिल्या दिवशीच धावत आले. मुली मात्र कडेला उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या काखेत एक पोर. आक्काला म्हटलं, ये की. ती म्हणाली, "मला येतंय खेळाया, ताई. पन बारक्याला कोन सांभाळील?"

तेव्हापासून आमचं काम दोन भागांत वाटलं गेलं. दोघी शिकवतात आणि दोघी पोरं सांभाळतात, आळीपाळीने. बाभळीखाली गोधडी अंथरायची, बैलांपासून लांब. कोणाला भूक लागली, कोणाला ताप आहे, कोणतं पोर माती खातं हे लक्षात ठेवायचं. आमची सगळ्यात चपळ आक्रमक खेळाडू गेल्या आठवड्यात सगळा वेळ एका तान्ह्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. मला विचाराल तर खो-खो शिकवण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. त्या दोघी तिथे बसल्या नाहीत तर मैदानात एकही मुलगी दिसणार नाही.

आक्काची अडचण तरीही संपली नव्हती. खो-खोत शेजारचे दोन गडी एकाच दिशेला तोंड करून बसत नाहीत. एकाचं तोंड या बाजूला, दुसऱ्याचं त्या बाजूला. ती बसायची ती नेमकी बाभळीकडे पाठ करून. बारक्या जरा कुरकुरला की ही खो मिळायच्या आधीच उठायची, तोंड फिरवायची आणि फाऊल व्हायचा. मग मुलगे ओरडायचे आणि ती रडवेली होऊन निघून जायची. आज तिला तिसऱ्या पाटीवर बसवलं, तिथून बाभळ समोर दिसते. बारक्या डोळ्यांसमोर होता. गोधडीवर बसून तो आमच्या मैत्रिणीच्या ओढणीची गाठ सोडवत होता. आक्का उकिडवी बसून राहिली. खो मिळाला तशी उठली आणि अशी सुटली की समोरच्या मुलाला खांब गाठायच्या आत तिने हात लावून बाद केलं. काखेत ओझं घेऊन धावायची सवय झालेलं ते अंग आज मोकळं होतं. पुढच्या वेळी तिने खांबाला हात घालून वळण घेतलं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही करताना तिने काठावरून पाहून ठेवलं असणार.

डाव संपल्यावर मोबाईलवर त्यांना जानेवारी 2025 च्या विश्वचषकाची अंतिम लढत दाखवली. दिल्लीत झालेला हा खो-खोचा पहिलाच विश्वचषक, आणि आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे. ती मूळची बीडची, केज तालुक्यातली, असं सांगितलं तेव्हा सगळी डोकी एकदम पडद्यावर आली. "आमच्या केजची?" एकजण तीन-तीनदा विचारत होता. आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेचं नाव मात्र त्यांना आधीच ठाऊक होतं. तो स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, पळतो आणि त्याने 2022 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं, हे मला त्यांनीच सांगितलं.

गावात काहीजण म्हणतात, खेळ कशाला, अभ्यास घ्या त्यांचा, खेळून काय पोट भरतंय? अभ्यास हवाच. गळीत हंगाम म्हणजे शाळेचं जवळजवळ निम्मं वर्ष, आणि ते ह्यांचं दर साल फडाच्या कडेला जातं. सरकारने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली, ती प्रत्येक आक्कापर्यंत पोचली पाहिजे. पण दहा वर्षांच्या मुलीला खेळायला मिळण्यासाठी त्यातून पोट भरायची अट कशाला? माझ्या धाकट्या भावाला ही अट कोणी घातली नाही. तो संध्याकाळी क्रिकेट खेळून येतो आणि आई त्याला गरम दूध देते. आक्काच्या आईला तिच्याविषयी कमी माया आहे असं मुळीच नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड, धरतात आणि तो उचलीतून, आगाऊ घेतलेल्या पैशांतून, वळता होतो. ती घरी थांबणार कशी?

आज तीच माऊली डोक्यावर वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन फडातून आली आणि मैदानाच्या कडेला थांबली. मला वाटलं, आता हाक मारणार, चूल पेटवायची आहे. तिने भारा खाली ठेवला, बारक्याला उचलून पदराखाली घेतलं आणि तिथेच बसली. आक्काने तिला पाहिलं आणि ती उठायला लागली. आईने हातानेच खूण केली, बस. नंतर मला म्हणाली, "म्या बी लई पळायचे, लगीन व्हायच्या आदी." लग्न कितव्या वर्षी झालं ते मी विचारलं नाही.

मार्चअखेर पट्टा पडेल, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेल, आणि टोळी परत जाईल. आक्काच्या गावच्या शाळेचं नाव आज लिहून घेतलं. तिच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहायचंय, ही मुलगी चांगली पळते, शालेय स्पर्धेच्या संघासाठी तिची निवड चाचणी घ्या, असं. पत्रावर आमच्या सरांची सही घेईन, म्हणजे त्याला वजन येईल. तिथे जवळपास खो-खोचं मंडळ आहे का, तेही सर चौकशी करणार आहेत. पुढच्या रविवारी पलीकडच्या टोळीतल्या तीन मुली येणार म्हणाल्यात आणि तिघींकडेही लहान भावंडं आहेत. म्हणजे दोघींनी भागणार नाही, बाभळीखाली तिसरी लागेल. उद्या कॉलेजात वर्गातल्या मुलांनाही विचारते. पोरं सांभाळायला मुलीच कशाला हव्यात?