मुलांना तारकागुच्छ समजावताना

आमच्या इंदूरच्या वसाहतीतील सहा ते आठ वर्षांच्या मुलांना तारकागुच्छ समजावून सांगायचे ठरवले, तेव्हा चित्रे आणि व्याख्या बाजूला ठेवून आधी आकाशच दाखवायचे, असे मी पक्के केले. इंदूरहून कृत्तिका जवळजवळ थेट डोक्यावरून जातात. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेआठच्या सुमारास त्या माथ्यावर असतात. त्यामुळे मुलांना गच्चीत सतरंजीवर उताणे झोपवले. नुसत्या डोळ्यांनी बहुतेकांनी पाच-सहा तारे मोजले; दुर्बिणीतून पाहिल्यावर मात्र मोजणे सोडून ती नुसती पाहत राहिली. त्या गुच्छात एक हजाराहून अधिक तारे आहेत, हे त्यानंतरच सांगितले.

खरी कठीण गोष्ट पुढे होती. जवळ दिसणे आणि खरोखर एकत्र असणे यांतला फरक लहान मुलांना शब्दांनी कळत नाही, असे माझे मत आहे. त्यासाठी रोहिणी ही नारिंगी तारका फार उपयोगी पडली. ती हायडीज या गुच्छातच बसल्यासारखी दिसते. पण तो गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षे दूर आहे आणि रोहिणी केवळ ६५. गच्चीवरचे दिवे मालवून काही मुलांना टॉर्च देऊन पलीकडच्या कठड्याशी दाटीने उभे केले, आणि नारिंगी कागद लावलेला एक टॉर्च निम्म्याहून कमी अंतरावर ठेवला. पाण्याच्या टाकीजवळून सगळे दिवे एकत्र दिसत होते. मुले चार पावले बाजूला सरकली आणि नारिंगी दिवा घोळक्यातून वेगळा झाला. “काकू, म्हणजे रोहिणी त्यांच्यातली नाहीच!” एक मुलगी लगेच म्हणाली.

मग जन्माची गोष्ट सांगणे सोपे गेले: गुच्छातील तारे वायू आणि धुळीच्या एकाच ढगातून जन्मलेली भावंडे असतात. कृत्तिका सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनासोर वावरत असताना जन्मल्या, हे मुलांना फार आवडले. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षे लागतात, म्हणजे आज दिसणारा प्रकाश अहिल्यादेवींच्या जन्माच्या, १७२५ च्याही बराच आधी निघालेला आहे, हे मात्र मोठ्या मुलांनाच उमगले. भावंडे कायम एकत्र राहतात का, असेही एकाने विचारले. कृत्तिकांसारखे गुच्छ हळूहळू विखुरतात, आणि आपला सूर्यही बहुधा अशाच एखाद्या गुच्छात जन्मून ४६० कोटी वर्षांत आपल्या भावंडांपासून दूर गेला आहे, असे मी सांगितले.