जुबात अरबी बोलतात, मग तिथले लोक अरब का?

दक्षिण सुदानमध्ये, जुबा शहरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी चार वर्षं काम केलं. परत आल्यापासून एक प्रश्न हमखास येतो: "तिथे अरबी बोलतात म्हणे, मग ते लोक अरब का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

अरब नाहीत. दिंका, नुएर, बारी, झांडे, शिलुक... अशा कितीतरी जमाती, आणि साठाच्या वर भाषा आहेत तिथे. घरात ज्याची त्याची भाषा; बाजारात, बोडाबोडाच्या (मोटारसायकल टॅक्सीच्या) स्टँडवर, दवाखान्यात मात्र जुबा अरबी, म्हणजे अरबीतून घडलेली तिथली सगळ्यांची बोली.

एक दिंका आजी आठवतात. नर्स बारी. तिने विचारलं, "वजा वेनो?" कुठं दुखतंय? आजी म्हणाल्या, "बतना ताय गी वजा." माझं पोट दुखतंय. मग 'मोयो' मागितलं, म्हणजे पाणी. नर्स उठेपर्यंत त्या नातीकडे वळल्या आणि तेच पाणी दिंकात मागितलं: 'पिउ'. माझ्या मराठी कानाला तो शब्द किती जवळचा वाटला! साबुन, दुकान, कुर्सी हे जुबा अरबीतले शब्दही मला शिकावे लागले नाहीत.

हिला कुणी 'मोडकी अरबी' म्हटलं की मला राग येतो. 'आना रुवा' म्हणजे मी गेले, 'आना गी रुवा' जातेय, 'आना बी रुवा' जाईन. क्रियापद जागचं हलत नाही, पण काळ चोख कळतो. एकोणिसाव्या शतकात तुर्की-इजिप्शियन राजवटीच्या लष्करी छावण्यांत आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तळांवर वेगवेगळ्या जमातींची माणसं एकत्र कोंबली गेली. एकमेकांशी बोलायला त्यांनी ही भाषा घडवली.

पुढे, हा भाग सुदान देशातच होता तेव्हा, राजधानी खार्टूमच्या सरकारने शाळांमधून अरबी लादली. तो सल अजून आहे. 2011 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यघटनेत कारभाराची भाषा इंग्रजी ठरली आणि अरबी वगळली गेली. बाजार मात्र जुबा अरबीतच चालतो, कारण ती खार्टूमची नाही, त्यांची स्वतःची आहे.

आमच्या दवाखान्यातल्या एका सहकारी बाई बारी, नवरा नुएर. त्यांची मुलं लहानपणापासून हीच भाषा बोलतात. गावाहून नुएर आजी आली की नातवंडं आणि ती एकमेकांकडे बघून नुसती हसतात. दोघांच्या मध्ये वडील बसतात आणि एकेक वाक्य इकडून तिकडे पोचवतात.