रिकामा बसला की झोपणारा सर्व्हर

पहिला फोन २०२४ च्या मार्चमध्ये, सकाळी पावणेनऊला आला. नागपूरच्या इतवारीतल्या एका डाळीच्या ठोक दुकानातले मुनीमजी बोलत होते. "भाऊ, तुमचं मशीन बंदही नाही अन् चालूही नाही. पंखा फिरून राहिला, लाइट जळून राहिला, पण हूं का चूं करत नाही."

सर्व्हर हँग झाल्याचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुणा इंजिनिअरकडूनही ऐकलेलं नाही. "पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, मग परत दाबा," एवढं सांगून मी चहाकडे वळलो. बिलं सुरू झाली, मीही विसरलो. चार दिवसांनी परत तोच फोन, तीच वेळ.

सर्व्हर म्हणतोय खरा, पण तो काही रॅकमध्ये बसणारा, दोन-दोन पॉवर सप्लायवाला सर्व्हर नव्हे. २०१७ साली जोडून घेतलेला साधा डेस्कटॉप. रायझन ५ १६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि काटकसर म्हणून त्याहीआधीच्या मशीनमधून काढून बसवलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. इतकी वर्षं हा डबा काउंटरमागे विंडोजवर बिलं काढायचा आणि रात्री शटर पडायच्या आधी बंद व्हायचा. फेब्रुवारीत मीच मालकांना, म्हणजे काकांना पटवलं की यावर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ हे लिनक्स टाकू, सगळा हिशेब पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नेऊ, रात्री दोनला आपोआप बॅकअप होईल, तुम्हाला घरबसल्या साठा दिसेल. काका तयार झाले. तेव्हापासून मशीन दिवसरात्र चालू.

आणि आता काकांचा निकाल तयार होता. "इतकी वर्षं एक दिवस तक्रार नव्हती. तुम्ही ते लिनक्स टाकलं अन् हे सुरू झालं." यावर काय बोलणार? दिसत तर तसंच होतं.

तिसऱ्या वेळी मी मुनीमजींना म्हटलं, हात लावू नका, मी येतो. स्कूटर काढली, शहीद चौकाच्या गर्दीतून वाट काढत पोचलो. स्क्रीन काळी. कीबोर्डवर नमलॉक दाबलं, दिवा बदलेना. लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, उत्तर नाही. ऑल्ट, सिसआरक्यू आणि बी हे तीन बटणांचं शेवटचं अस्त्र असतं, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, थोडी जरी धुगधुगी असेल तर मशीन रीबूट होतं. तेही फुकट गेलं. कर्नल पॅनिकमध्ये, म्हणजे तो गाभाच कोसळला तर, निदान कीबोर्डचे दिवे तरी लुकलुकतात. इथे तेही नाही.

चालू करून जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला आधीच्या बूटची नोंद मागितली. शेवटची ओळ ३ वाजून १७ मिनिटांची. उबुंटूमध्ये क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, दर तासाची कामं १७ व्या मिनिटाला लागतात, त्याची ती नेहमीची निरुपद्रवी ओळ. त्यापुढे थेट सकाळचं बूट. मध्ये एरर नाही, वॉर्निंग नाही. बोलता बोलता माणसानं अर्ध्या वाक्यात डोळे मिटावेत तसं. म्हणजे ३:१७ ते ४:१७ च्या मध्ये कधीतरी सगळं थांबलं होतं. डिस्कवर लिहायलाच सवड मिळत नसेल तर नेटवर्कवरून तरी काही निसटेल, म्हणून नेटकन्सोल लावलं. यात कर्नलचे संदेश नेटवर्कवरून थेट दुसऱ्या मशीनकडे जातात. माझा जुना लॅपटॉप तीन रात्री तुरीच्या पोत्यांशेजारी ऐकत बसला होता. तिसऱ्या रात्री सर्व्हर हँग झाला. लॅपटॉपवर एक अक्षर आलं नाही, डाळीची पिवळी भुकटी मात्र कीबोर्डभर बसली.

तोवर एप्रिल लागला होता, आणि नागपुरात एप्रिल लागला की कुठल्याही बिघाडाचं कारण एकच, ऊन. या गावानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सोसलेत, त्यामुळे लोकांना दोष देता येत नाही. काकांनी सर्व्हरच्या तोंडावर कूलर आणून ठेवला. पाण्याचा कूलर, नवी खस भरलेला. मी गेलो तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्यावर हात फिरवला तर ओलसर दमट लागला. कूलर हलवायला सांगितलं तेव्हा काका नाराज झाले. "माणसाले ठेवत नाही, मशीनले ठेवला, तरी तुमचं आपलं."

गंमत म्हणजे तापमान मी पाहिलेलं होतं. के१०टेम्प हे ड्रायव्हर प्रोसेसरचं तापमान दाखवतं. दुपारी भर बिलांच्या वेळी ते सत्तरीच्या आतबाहेर, रात्री पंचेचाळीसच्या खाली. गरम होऊन बंद पडायचं असतं तर दुपारी पडायला हवं होतं. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तरी मी तिच्यावरून पुढे गेलो. पंखा खोलून साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली, रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. (खोडरबराचा हा इलाज आपल्याकडचे सगळेच दुरुस्तीवाले करतात. अर्ध्या वेळा तो चालतो, म्हणून उरलेल्या अर्ध्या वेळाही आपण तो करत राहतो.)

मग रॅमवर संशय. एका रात्री दहाला मेमटेस्ट८६+ लावला, सकाळी आठला पाहिलं, एकही चूक नाही. डिस्कची स्मार्टसीटीएलनं झाडाझडती घेतली. खराब सेक्टर शून्य. तरी साटा केबल बदलली. एका रात्री स्ट्रेस-एनजी हा मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम लावून बाराही थ्रेड शंभर टक्के राबवले, पहाटेपर्यंत. सकाळी मशीन ठणठणीत. मी वहीत लिहिलं, 'हार्डवेअर ठीक', आणि त्या दोन शब्दांनी माझा पुढचा महिना खाल्ला. कारण हार्डवेअर ठीक म्हणजे दोष लिनक्सचा, म्हणजे काकांचंच खरं. ५.१५ चं कर्नल काढून ६.५ चं घातलं. पाचव्या रात्री मशीन पुन्हा थिजलं.

या काळात एक वाईट गोष्ट मी शोधून काढली आणि ती खरी असली तरी आमची नव्हती. पहिल्या पिढीच्या रायझनमध्ये २०१७ साली एक दोष गाजला होता. लिनक्सवर मोठे प्रोग्रॅम कंपाइल करताना, म्हणजे प्रोसेसर पूर्ण दाबात असताना, कामं मध्येच सेगफॉल्ट होऊन कोसळायची. एएमडीनं लोकांना प्रोसेसर बदलून दिले होते. मी आनंदानं उडी मारली आणि दोन दिवस प्रोसेसर बदलायच्या खर्चाचं गणित मांडत बसलो. आमचं मशीन दाबात कधी कोसळलंच नव्हतं, हे तेव्हाही सुचलं नाही.

मे महिन्याच्या मध्यावर मुनीमजींनी त्यांची वही पुढे केली. लाल कापडी बांधणीची, लांबोडकी. मला माहीतच नव्हतं की पहिल्या दिवसापासून ते प्रत्येक बंद पडण्याची नोंद ठेवताहेत. तारीख, वार, केव्हा लक्षात आलं, बटण कुणी दाबलं. एकूण १७ नोंदी. ज्या रात्री काही झालं नाही पण कुणी मशीनवर होतं, त्याही लिहिलेल्या, 'भाऊ मशीनवर बसले, ठीक.'

मी आधी तारखा पाहिल्या. काही नाही. मग वार पाहिले. रविवार जरा जास्तच होते, आणि रविवारी दुकान बंद. मग वेळा पाहिल्या. एकही नोंद सकाळी दहा ते रात्री आठच्या मधली नाही, फक्त रविवारची सोडून. मेमटेस्टची रात्र ठीक. स्ट्रेस-एनजीची रात्र ठीक. ३१ मार्चच्या रात्री वर्षअखेरचा हिशेब जुळवत सगळे पहाटे चारपर्यंत बसले होते, मीही होतो. ती रात्रही ठीक.

मुनीमजी पानाला चुना लावत सहज म्हणाले, "मले तर आपल्या दुकानातल्या पोट्ट्यासारखा वाटते हा. काम असलं का बरा राह्यते. रिकामा बसला का झोपते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते हसले, त्यांना वाटलं विनोद आवडला.

झोपणंच होतं ते, शब्दशः. प्रोसेसरला काम नसलं की तो टप्प्याटप्प्यानं स्वतःचे भाग बंद करतो. या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ म्हणजे डुलकी, सी६ म्हणजे गाढ झोप, जिथे कोअरची वीजच काढून घेतली जाते. सगळे कोअर असे झोपले की १२ व्होल्टच्या तारेवरून जाणारा करंट अगदी कमी होतो. आणि इथे जुना एसएमपीएस आडवा येतो. तो अशा काळात बनलेला, जेव्हा मशीन रिकामं असलं तरी ठरावीक करंट ओढायचंच. फारच कमी ओढला तर त्याला व्होल्टेज नीट धरून ठेवता येत नाही. इंटेलनं २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसर आणले तेव्हाही हीच अडचण आली होती. तेव्हापासून नव्या एसएमपीएसच्या खोक्यांवर 'हॅसवेलला चालेल' अशा अर्थाची जाहिरात दिसू लागली. आमचा सप्लाय त्याच्याही आधीचा. विंडोजच्या वर्षांत मशीन रात्री बंदच असायचं, त्यामुळे तासन् तास रिकामं बसायची पाळीच त्याच्यावर आली नाही. आणि मी ज्या दोन चाचण्यांवरून हार्डवेअरला प्रमाणपत्र दिलं, त्या दोन्ही चाचण्या मुळात त्याला जागं ठेवणाऱ्या होत्या.

खात्री करायला एकच बदल केला. बूटच्या ओळीत प्रोसेसरनं सी१ च्या खाली जाऊ नये अशी मर्यादा घातली. नऊ रात्री आणि एक रविवार गेला. वहीत नोंद नाही.

पण हा कायमचा इलाज नव्हे, प्रोसेसरला सदैव अर्धवट जागं ठेवणं झालं ते. नेमक्या याच अडचणीसाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाची सेटिंग असते. एएमडी सीबीएस या मेनूच्या पोटात. ती 'ऑटो'वरून 'टिपिकल करंट आयडल'वर नेली की मशीन रिकामं असतानाही पुरेसा करंट ओढत राहतं. आमच्या बायोसमध्ये ती ओळच नव्हती. बायोस २०१७ चं, जसं आलं तसंच. म्हणजे अपडेट.

बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डचा दगड होऊ शकतो, आणि मी हे नागपुरात मे महिन्याच्या शेवटी करायला बसलो होतो. यूपीएसला फक्त सर्व्हर ठेवला, बाकी सगळं काढलं. पेन ड्राइव्ह लावला. पट्टी चाळीस टक्क्यांवर असताना दुकानातले पंखे थांबले. यूपीएस ओरडायला लागला. काका, मुनीमजी, दोन हमाल, सगळे त्या पट्टीकडे बघत उभे. कुणी काही बोलेना. साठ. पंच्याहत्तर. शंभर झाल्यावर मुनीमजींनी कपाळाचा घाम गमछ्यानं पुसला आणि पहिल्यांदा मलाच पाणी दिलं.

अपडेटनं सगळ्या सेटिंग मूळ पदावर नेल्या. 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' ही परत लावली, 'टिपिकल करंट आयडल' लावली, आणि बूटच्या ओळीतली मर्यादा काढून टाकली, नाहीतर कशामुळे बरं झालं ते कळलंच नसतं.

त्याच आठवड्यात, ३० मे ला, रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. दिवसभर फोन. काकांचाही आला, "सर्व्हर पाहा बाप्पा, छप्पन झालं." नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. सर्व्हर त्या रात्रीही चालला.

जुलैत, पावसाच्या पहिल्या मोठ्या तडाख्यात, रात्रभर वीज गेली. सकाळी फोन. "भाऊ, आज तर चालूच नाही झाला, बटण दाबा लागलं." मी म्हटलं, ठीक आहे, होतं कधी कधी. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा थिजला. बंदही नाही अन् चालूही नाही.

या वेळी मी सकाळी सहाला घरून निघालो. बायोस उघडलं आणि वरच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. कित्येक वर्षं मागची. 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'समोर 'ऑटो'. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता. यूपीएसची बॅटरी संपून वीज पूर्ण गेली, तशा सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. त्यात ती 'आपोआप चालू हो'वालीही, म्हणूनच आदल्या दिवशी बटण दाबावं लागलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सेल जवळच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला. दुकान उघडेपर्यंत मुनीमजींनी तर्री पोहे खाऊ घातले. सेल बदलला, सेटिंग पुन्हा लावल्या. नवा एसएमपीएस घ्या, असं काकांना परत सुचवलं. ते म्हणाले, "चालू हाय न आता?" मी विषय सोडला.

निघताना मुनीमजींनी ती लाल वही उघडून माझ्यासमोर धरली. "ते इंग्रजी काय ते मराठीत लिहून द्या. पुन्हा गेला तर तुम्ही गावात असाल नसाल." तुरीच्या भावाखाली एक ओळ मोकळी होती. तिथे मी लिहिलं, 'टिपिकल करंट आयडल', आणि त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं, 'सेल पाहणे.'