करंगळी

मंगळवार, रात्र

संध्याकाळी दादाचा फोन आला आणि तो कट झाला.

हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडे बघत बसले आहे. पाऊस झाला, उशीर झाला, तसा फोन कट झाला. कुणी केला, ते सांगायची भाषेला गरजच पडली नाही. दादालाही मी हेच लिहिलं, "कट झाला रे, नंतर करते." त्याचं लगेच उत्तर आलं, "बरं. जेवलीस का?"

त्या तीन शब्दांनी जीव नकोसा केला आहे.

झालं ते इतकंच. मी कणीक भिजवत होते, फोन ओट्यावर होता. स्क्रीनवर 'दादा' उमटलं आणि 'आत्ता नको' असं मनात म्हणायच्या आत बोट लाल बटणावर गेलेलं होतं. आधी बोट, मग विचार. क्रम असाच होता, मला पक्कं आठवतंय.

आणि नेमकं हेच मी इतकी वर्षं वर्गात शिकवते. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा प्रयोग, सॅन फ्रान्सिस्को, १९८३. माणसाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलेत, समोर घड्याळाच्या काट्यासारखा एक ठिपका गोल फिरतोय, २.५६ सेकंदांत एक फेरा. वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगा. सरासरी काढली तर हलवावंसं वाटल्याची जाणीव हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी, आणि मेंदूतली तयारी मात्र ५५० मिलिसेकंद आधीपासून सुरू. मेंदू कामाला लागतो आणि आपण ठरवलं हे आपल्याला त्यानंतर कळतं. इथे आले की वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मग मॅडम, चूक कुणाची?" मी हसते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते.

आज मला त्या प्रश्नाचा आधार हवा होता. दिवसभर पेपर तपासायचे, घरी आल्यावर स्वयंपाक, त्यात ते सह्यांचं. प्रत्येक वेळी समजून घ्यायचं ते मीच. आईच्या शेवटच्या महिन्यात रात्री कोण जागत होतं, हे कुणी कधी... जाऊ दे. माझ्या हातून झालं असेल, पण मी केलं नाही. आजी म्हणायची, करता करविता तो वर बसलाय. तिच्या देवाच्या जागी मी साडेपाचशे मिलिसेकंद ठेवले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

पोळ्या झाल्यावर फोन उचलला तर काच लख्ख. दोन्ही हात कणकेत होते, अंगठा आणि बोटं चिकट, आणि काचेवर पिठाचा डाग नाही. मग लक्षात आलं. पीठ भिजवताना उजव्या हाताची करंगळी मी वर धरते, आई धरायची तशी. तेवढंच एक बोट कोरडं होतं, आणि नेमकं तेच गेलं.

म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात काचेची काळजी घेतली गेली होती. दादाची नाही.

सवयीला विचार लागत नाही, हे मीच मुलांना सांगते. करंगळी आपोआप गेली असेल. पण सवय माझीच ना.

लिबेटनेही इच्छास्वातंत्र्य नाकारलं नव्हतं. जाणीव झाल्यावर हालचाल रोखायला थोडा वेळ उरतो, नको म्हणायची मुभा तिथे आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या तयारीचाच वेगळा अर्थ लावला. मेंदूतल्या विद्युत हालचालीत चढउतार सतत चालूच असतात, त्यातला एखादा चढ उंबरठ्याला टेकला की हात हलतो. हालचालीच्या क्षणापासून मागे जात सरासरी काढली, तर ते चढ जमून पूर्वतयारीसारखे दिसतात. चढ आला आणि हात हललाच नाही, अशा वेळा त्या सरासरीत येतच नाहीत.

मीही मागूनच मोजते आहे. आजच्या फोनपासून मागे गेलं की गणपतीतलं वहिनीचं बोलणं, त्या सह्या, दिवाळीला न येणं, सगळं इथेच येऊन पोचणार होतं असं वाटतं. पण मध्ये त्याचे किती फोन मी उचलले! मनातून नको असतानाही "बोल दादा" म्हटलं, ते कशात धरायचं? परवाच्या रविवारी त्याच्या गुडघ्याबद्दल तासभर बोललो.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. २०१९ च्या एका प्रयोगात लोकांना दोन प्रकारच्या निवडी दिल्या. काही उगाच करायच्या, काहींवर मात्र हजार डॉलरची खरी देणगी कुठल्या संस्थेला जाईल हे अवलंबून. उगाचच्या निवडींत तो चढ दिसला, मोलाच्या निवडींत जवळजवळ दिसलाच नाही. मग दादाचा फोन माझ्या लेखी कशात मोडत होता? मनगट हलवण्यात? हा प्रश्न मी संध्याकाळपासून चार वेळा बाजूला सारला, चारही वेळा तो परत आला.

त्या अर्ध्या सेकंदात माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते आता कळायचं नाही. ओट्यापाशी कुणी इलेक्ट्रोड लावले नव्हते. मला ते चालेल, खरंच चालेल. पण निरोप लिहिताना अर्धा सेकंद नव्हता. मी नळ सोडला, नखातलं पीठ काढलं, हात पुसले. 'मी कणीक भिजवत होते' असं लिहायला घेतलं, ते पुसलं, आणि मग 'कट झाला रे' लिहिलं. एवढ्या वेळात थांबता आलं असतं. फोन कसा कट झाला यावर सबंध संध्याकाळ घालवली आणि याच्याकडे बघितलंच नाही.

आत्ता पावणेअकरा. त्याला लिहिलंय, "दादा, जेवले. फोन मीच कट केला होता. उद्या सकाळी सातला करते."

एकच टिक आहे. तो रात्री नेट बंद ठेवतो.