उन्हाळ्यात ओव्हनचा सेन्सर तपासताना

ओव्हनचा तापमान सेन्सर तपासायची पद्धत नेटवर शोधली की बहुतेक ठिकाणी एकच आकडा मिळतो: रोध १०८० ओहम. मल्टिमीटर (विजेची मापं घेणारं यंत्र) लावा, आकडा जुळला तर सेन्सर चांगला, नाही जुळला तर बदला. आकडा बरोबर आहे, पण तो पीटी-१००० या प्लॅटिनमच्या सेन्सरचा, २० अंश सेल्सिअसच्या खोलीतला आहे. तापमान वाढलं की त्याचा रोधही वाढतो. परभणीत मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघरात ४२ अंश असतील, तर तोच ठणठणीत सेन्सर ११६३ ओहम दाखवणार. आणि डिसेंबरच्या पहाटे पारा १२ वर असेल तेव्हा १०४७. एवढ्या फरकामुळे चांगला सेन्सर काढून टाकला जातो, नवा बसतो, आणि केक पहिल्यासारखाच मधे कच्चा राहतो.

म्हणून सेन्सरला हात लावण्याआधी दोष खरंच त्याचा आहे का, हे बघा. के-टाइप प्रोब (तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर किंवा ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर पुरतो. प्रोबचं टोक मधल्या जाळीच्या मध्यावर, कुठेही पत्र्याला न टेकता ठेवा, ओव्हन १८० वर लावा आणि अर्धा तास दार उघडू नका. हीटर चालू-बंद होताना आतलं तापमान १०-१५ अंश वरखाली होतच असतं. तीन-चार फेऱ्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा लिहून त्यांची सरासरी काढा. एकाच क्षणाचा आकडा बघून निकाल देऊ नका. इन्फ्रारेड गनही इथे उपयोगाची नाही. ती हवा मोजत नाही, समोरचा पत्रा मोजते, आणि चकचकीत स्टीलवर तर फारच कमी दाखवते.

डिस्प्ले आणि तुमचा थर्मामीटर जुळतात, पण तापायला फार वेळ लागतो? मग सेन्सर सोडा, व्होल्टेज मोजा. आपल्याकडे शेतीपंप सुरू असतात तेव्हा लाईट १८० व्होल्टपर्यंत खाली आली तर २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर जेमतेम १२०० वॅट देतो, कारण व्होल्टेज पडलं की वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडतात. दुसरा प्रकार: डिस्प्ले २३० अंश दाखवतोय, सेटिंग १८० अंश आहे, तरी हीटर लालच. इथे सेन्सर खरं बोलतोय. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटलेत किंवा सॉलिड स्टेट (इलेक्ट्रॉनिक) रिले शॉर्ट झालाय. लगेच मेन स्विच बंद करा. डिस्प्ले आणि थर्मामीटर यांचंच जमत नसेल, किंवा आकडा उड्या मारत असेल, तेव्हाच सेन्सरकडे वळा.

घरच्या बिल्ट-इन ओव्हनमध्ये बहुधा प्लॅटिनमचा सेन्सर असतो. पीटी-१००० म्हणजे शून्य अंशाला १००० ओहम, पीटी-५०० त्याच्या निम्मा, पीटी-१०० दहावा हिस्सा. काही कंपन्या एनटीसी नावाचा वेगळा सेन्सर वापरतात, त्याचा रोध तापल्यावर उलट कमी होतो. त्यामुळे सर्व्हिस शीट किंवा सेन्सरवरचा नंबर आधी बघा.

मोजायचं सकाळी, ओव्हन रात्रभर बंद ठेवून. प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मागचा पत्रा उघडून सेन्सरचा कनेक्टर बोर्डापासून (ओव्हन चालवणाऱ्या सर्किटपासून) सोडवा, कारण जोडलेला ठेवून मोजलं तर बोर्डाचा रोधही त्यात मिसळतो. ओव्हनच्या आत सेन्सरच्या दांडीजवळ थर्मामीटर दहा मिनिटं ठेवा. सेन्सर पीटी-१००० असेल तर जे तापमान येईल त्याला ३.९ ने गुणा आणि १००० मिळवा. ३० अंशाला १११७ ओहम यायला हवेत. आठ-दहा ओहमचा फरक साध्या मल्टिमीटरचाच असू शकतो, त्याची काळजी नको. पन्नासचा फरक असेल तर दोष नक्की. अनंत आलं तर आतली तार तुटली. यानंतर मल्टिमीटरचं एक टोक सेन्सरच्या धातूच्या दांडीला लावून बघा, तिथे मात्र अनंतच दिसायला हवं. काही मेगाओहम दिसले तर आत ओल शिरली आहे. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या ओव्हनमध्ये हे होतं, आणि बरेचदा दांडी कोरड्या उष्णतेत तापवली की ते जातं.

थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर चुकीचा, असे सेन्सर सगळ्यात जास्त फसवतात. तार आत चिरलेली असते आणि दांडी तापून फुगली की टोकं सुटतात. त्यासाठी सेन्सर काढून फक्त दांडीचं टोक उकळत्या पाण्यात धरा, वायरीचा जोड बाहेर ठेवा. इथे पुन्हा आपल्या जागेचा हिशेब. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तिथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. पीटी-१००० ने १३७७ च्या जवळ दाखवायला हवं. तेवढ्यात वायर हलवून बघा, आकडा थरथरला की चोर सापडला.

सेन्सर पास झाला तर कनेक्टर बघा. वाफ आणि तेलकट धुरामुळे पिना काळ्या पडतात. पीटी-१००० ला दर अंशामागे सुमारे ३.८५ ओहम लागतात, म्हणजे पिनेत २० ओहम वाढले तर बोर्डाला ओव्हन पाच अंश जास्त गरम वाटतो. पीटी-१०० मध्ये तर दोनच ओहम तेवढी चूक घडवतात. पिना साफ करून घट्ट बसवा, आणि मागे उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही बघा.

बोर्डावर शंका असेल तर १.५ किलोओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर आणा. किंमत अगदी किरकोळ. पीटी-१००० च्या ओव्हनमध्ये सेन्सरच्या जागी तो लावला की डिस्प्लेने १३० अंशांच्या आसपास दाखवलं पाहिजे. दाखवलं तर बोर्ड चांगला. पाच टक्केवाला रेझिस्टर घेऊ नका, त्याची चूकच वीस अंशांची होईल.

खारी, टोस्ट, नानकटाई काढणाऱ्या बेकऱ्यांच्या डेक ओव्हनमध्ये थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) असतो, के किंवा जे टाइप. त्याच्या चुका वेगळ्या आणि जास्त महागात पडणाऱ्या. सेन्सर बदलताना जे टाइप बसवला आणि कंट्रोलरचं सेटिंग के राहिलं, तर खऱ्या २०० अंशांना डिस्प्ले २५७ च्या आसपास दाखवतो. माल कच्चा निघतो आणि दोष मैद्याला दिला जातो. टाइप ओळखायला लोहचुंबक पुरतो: जे टाइपची धन तार लोखंडाची असते, ती चिकटते, के टाइपची ऋण तार चिकटते. वायरी उलट जोडल्या तर ओव्हन तापेल तसा आकडा खाली जातो, हे लगेच कळतं.

न कळणारी चूक म्हणजे मधे जोडलेली साधी तांब्याची वायर. वायर लांबवताना थर्मोकपलच्याच टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. तांबं जोडलं, जोड ओव्हनच्या पाठीशी ७० अंशांत आणि कंट्रोलर ४० अंशांत असेल, तर डिस्प्ले ३० अंश कमी दाखवतो, हीटर तेवढा जास्त चालतो आणि खारी खालून करपते. त्याहून घातक म्हणजे पत्र्याखाली चेपलेली वायर. दोन तारा जिथे चिकटतील तिथलंच तापमान कंट्रोलर वाचतो. तो ५०-६० वर अडकून पडतो आणि हीटर थांबतच नाही. तार तुटली तर बहुतेक कंट्रोलर हीटर बंद करतात, पण चेपलेल्या वायरीपासून तसं संरक्षण नसतं. म्हणून बेकरीच्या ओव्हनला वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, यात तडजोड नको.

लहान ओटीजीत बोर्डही नाही आणि असा सेन्सरही नाही, नॉबमागे बायमेटल (दोन धातूंची पट्टी) किंवा तेल भरलेल्या नळीचा थर्मोस्टॅट असतो. नळी मुडपून गळली की बऱ्याच थर्मोस्टॅटचा पॉइंट सुटत नाही. तिथे दुरुस्ती नाही, थर्मोस्टॅटच बदलायचा.

नवा थर्मोकपल किंवा पीटी-१०० औद्योगिक सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानांत मापाने बनवून मिळतो. टाइप, दांडीचा व्यास आणि लांबी, आट्यांचं माप, वायरीची लांबी, सगळं लिहून न्या. वायर फायबरग्लासच्या वेष्टनाची, वरून स्टीलची जाळी असलेली मागा. पीव्हीसी ओव्हनच्या पाठीशी वितळते. बसवल्यावर १५० आणि २२० अशा दोन ठिकाणी थर्मामीटरने पडताळा. दोन्हीकडे फरक सारखाच आला, समजा सहा अंश, तर तो कंट्रोलरच्या ऑफसेटमध्ये (फरक भरून काढायच्या सेटिंगमध्ये) भरून टाका. १५० ला पाच आणि २२० ला पंधरा आला, तर ऑफसेटला हात न लावता टाइपचं सेटिंग आणि मधले जोड पुन्हा तपासा.