आलेखावरचा दुसरा उंचवटा

आमच्याकडचं जीपीसी यंत्र, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू आकारानुसार वेगळे करून त्यांचे रेणुभार आलेखावर दाखवणारं, मी सांभाळते, त्यामुळे पॉलिस्टायरिनचे नमुने रोजच हातात पडतात. आणणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकच आकडा हवा असतो, डिस्पर्सिटीचा: साखळ्यांच्या लांबीत किती फरक आहे ते तो सांगतो, १ च्या जितका जवळ तितक्या त्या सारख्या. १.०५, १.०६ असं काही ऐकलं की मंडळी खूश होऊन जातात. त्या दिवशी आलेल्या विद्यार्थिनीचा आकडा १.०७ होता, म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही असा. पण ती हलेना. "मॅडम, मग वितळवल्यावर व्हिस्कॉसिटी एवढी जास्त का येतेय?"

व्हिस्कॉसिटी म्हणजे वाहण्यातला घट्टपणा. प्रश्न रास्त होता. आलेख मोठा करून पाहिला. मुख्य पीक, म्हणजे शिखर, एक लाख रेणुभाराला, तिने ठरवलं होतं तिथेच. पण त्याच्या अलीकडे एक बुटका उंचवटा होता. मोठ्या रेणूंना यंत्राच्या कॉलममधल्या, म्हणजे नळीत भरलेल्या कणांच्या, बारीक छिद्रांत शिरता येत नाही, म्हणून ते आधी बाहेर पडतात. तेव्हा अलीकडे म्हणजे जड. कर्सर नेला तर दोन लाख. दीड नाही, पावणेदोन नाही, बरोबर दुप्पट.

तिच्या गटात सगळ्यांनी मोनोमरवर, म्हणजे ज्याच्या रेणूंपासून साखळी बनते त्या स्टायरिनवर, खापर फोडलं होतं. मला ते पटेना. तिने स्टायरिन अशुद्धी टिपणाऱ्या डायब्युटिलमॅग्नेशियमवरून ऊर्ध्वपातित केलं होतं, आणि तरीही अशुद्धी उरली असती तर काही साखळ्या वाढता वाढता मेल्या असत्या. त्यांची शेपटी हलक्या बाजूला दिसली असती. इथे ती बाजू धुतल्यासारखी स्वच्छ.

दुप्पट म्हणजे दोन पूर्ण वाढलेल्या साखळ्या टोकाला टोक लावून जोडल्या गेल्या. आता ब्युटिललिथियमने सुरू केलेल्या या साखळ्या आपण होऊन जुळत नाहीत, दोन्ही टोकं ऋणभारित असतात. त्या संपतही नाहीत. मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ साली दाखवून दिलं की अशा साखळ्या जिवंत राहतात, आणखी मोनोमर घातलं की पुन्हा वाढतात. मग जोडणारं तिसरं कुणीतरी हवं, आणि तेही वाढ पुरी झाल्यावर आलेलं.

"क्वेंच कशाने करतेस?" मी विचारलं. क्वेंच म्हणजे शेवटी जिवंत टोकं मारून वाढ थांबवणं.

"मिथेनॉलने. नवी बाटली, ड्राय ग्रेड."

ड्राय, म्हणजे पाणी काढलेलं होतं, पण हवा काढलेलं नव्हतं. विरघळलेला ऑक्सिजन जिवंत टोकांना गाठतो आणि त्यातल्या काहींच्या जोड्या लागतात. कार्बन डायऑक्साइडनेही जोड लागतो, पण त्यात तिप्पट साखळ्याही बनू शकतात. तीन लाखांवर काहीच नव्हतं, म्हणून माझा संशय ऑक्सिजनवर.

तिचा आक्षेप मात्र चांगला होता: मिथेनॉल तर क्षणात मारतं, मग ऑक्सिजनला सवड कुठे मिळते? माझा तर्क असा की तिचा सॉल्व्हंट सायक्लोहेक्झेन आहे आणि साध्या तापमानाला मिथेनॉल त्यात पूर्ण मिसळत नाही. थेंब आपला वेगळा राहतो, ऑक्सिजन त्यातून निसटून पुढे जातो.

तर्क पुरेसा नव्हता, म्हणून पुढच्या रिॲक्शनला मी स्वतः तिच्या बाकापाशी उभी राहिले. नारिंगी द्रावण तिने दोन फ्लास्कमध्ये वाटलं. एकात बाटलीतलं मिथेनॉल. दुसऱ्यासाठी तेच मिथेनॉल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, व्हॅक्यूम लावून, वितळवून, हे चक्र परत परत करून घेतलेलं. पहिल्या फ्लास्कमध्ये रंग ढगाढगाने गेला, दुसऱ्यात जवळपास तसाच. डोळ्यांना काडीचा फरक कळला नसता.

जीपीसीने तो दाखवला. पहिल्या नमुन्यात उंचवटा जागच्या जागी, दुसऱ्यात एकच सुबक पीक.

राहिला व्हिस्कॉसिटीचा हिशेब. साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब असल्या की ती सरासरी रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढते. वजनाने १० टक्के जोडसाखळ्या धरल्या तर ती ३५-४० टक्क्यांनी चढते, आणि डिस्पर्सिटीत मात्र जेमतेम ०.०५ ची भर पडते. म्हणूनच मला नुसता आकडा घेऊन जाणाऱ्यांचा राग येतो. आलेख बघा की!

जुने नमुने टाकून नव्याने बनवायचं तिने ठरवलं. मी असते तर ते टोल्युइनमध्ये विरघळवून थोडं थोडं मिथेनॉल घातलं असतं. जड साखळ्या आधी खाली बसतात, त्या काढून टाकता येतात. पण त्यात हलक्याही थोड्या वाया जातात, आणि तिच्याकडे स्टायरिन भरपूर होतं.